मांसाहार आणि जनावरांशी माणुसकी: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली-सत्तरीच्या गावांत पशुवैद्य म्हणून फिरताना लोक गुरांच्या तापाबरोबर इतरही बरेच काही विचारतात. कधी गोठ्यात, कधी कोंबड्यांच्या शेडवर, कधी जेवणाच्या पंगतीत. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे माझी आहेत आणि ती कुणाच्या ताटाकडे बोट दाखवायला लिहिलेली नाहीत. ताटात काय वाढले आहे याच्या आधी त्या जनावराचे आयुष्य कसे गेले हे विचारायला हवे, आणि ते विचारण्याची जबाबदारी खाणाऱ्याची आहे, असे मला मनापासून वाटते.

मांस खाणे मुळातच चूक आहे का?

भात, डाळ, कडधान्ये, दूध आणि भाज्या पोटभर मिळत असतील तर बहुतेक निरोगी प्रौढांचे मांसावाचून अडत नाही. (बी-१२ जीवनसत्त्वाकडे मात्र लक्ष हवे, दूधही न घेणाऱ्यांनी गोळी घ्यावीच.) अशा माणसाने केवळ चवीसाठी जीव घेणे समर्थनाला कठीण आहे. या विचाराने ज्यांनी मांस सोडले त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

पण मारणे आणि छळणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वाद घालताना आपण त्यांची गल्लत करतो. सत्तरीच्या डोंगरावर चरलेला, कळपात वाढलेला बकरा एके दिवशी धारदार सुरीखाली काही सेकंदांत मेला. दुसरीकडे अंड्यांची कोंबडी दीड वर्ष तारेच्या पिंजऱ्यात उभी राहिली, एकदाही धड पंख न पसरता. या दोघांत जास्त अन्याय कुणावर झाला? माझ्या मते कोंबडीवर. आणि तिची अंडी खाणारे पुष्कळ जण स्वतःला मांसाहारी समजत नाहीत.

तुम्ही स्वतः खाता का?

मासे खाते. घरी शागोती (मांसाचे मसालेदार कालवण) असते ती गावठी कोंबडीची किंवा ओळखीच्या माणसाने पाळलेल्या बकऱ्याची, तीही सणावारी. ब्रॉयलर आणि पिंजऱ्यातली अंडी सोडली आहेत. ही भूमिका शंभर टक्के सुसंगत नाही असे कुणी म्हटले तर ते खरे आहे. पण पूर्ण सुसंगत होईपर्यंत काहीच बदलायचे नाही, हे मला पटत नाही.

‘जीवो जीवस्य जीवनम्’ हा तर निसर्गनियमच आहे ना?

वाघाला दुसरा पर्याय नसतो, आपल्याला असतो. शिवाय वाघ हरणाला जन्मापासून कोंडून ठेवत नाही.

मग भाज्यांनाही जीव असतोच की!

असतो. पण वेदना जाणवायला लागणारी मज्जासंस्था आणि मेंदू वनस्पतींकडे नसतात. आणि रोपांचीच काळजी असेल तर हिशेब उलटा बसतो. एक किलो ब्रॉयलर वाढवायला साधारण दीड ते दोन किलो मका-सोयाबीनचे खाद्य लागते. डुकराला आणि गुरांना त्याहून कितीतरी जास्त.

जनावराला खरेच कळते का, की आपणच आपल्या भावना त्याच्यावर लादतो?

पोट दुखणारी शेळी दात खाते, पाठीला बाक काढून उभी राहते, कळपापासून दूर जाते. वेदनाशामक दिले की पुन्हा चरायला लागते. हे पाहायला पदवी लागत नाही, गुराख्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

शास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिले आहे. ब्रिटनमध्ये लंगड्या ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन प्रकारचे खाद्य ठेवले, त्यातल्या एकात वेदनाशामक मिसळले होते. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा जास्त निवडले, आणि लंगडेपणा जितका जास्त तितके ते जास्त खाल्ले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. २०१२ साली केंब्रिज येथे मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीरनामाच काढला की जाणिवेला लागणारी मेंदूची यंत्रणा केवळ माणसाकडे नाही. सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारख्या जीवांकडेही ती आहे.

ब्रॉयलरमध्ये एवढे वाईट काय? शेडमध्ये खायला-प्यायला तर भरपूर असते.

असते, आणि म्हणूनच हा छळ डोळ्यांवर येत नाही. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू सुमारे ४० ग्रॅमचे असते. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या आसपास जाते. म्हणजे आपण खातो ती ‘कोंबडी’ खरे तर पिल्लूच असते. शेडमध्ये कान देऊन ऐका, विक्रीला निघालेला पक्षीसुद्धा अजून चिवचिवतच असतो. छातीचे मांस या वेगाने वाढते आणि हाडे, हृदय, फुप्फुसे मागे पडतात. शेवटच्या आठवड्यात बरेच पक्षी चार पावले टाकून बसतात. काहींच्या पोटात पाणी होते, काही उभ्या उभ्या कोसळून मरतात. यात निम्मा दोष शेडमालकाचा आणि निम्मा जातीचा. कितीही प्रामाणिक माणसाने पाळले तरी ही जात स्वतःचे वजन पेलू शकत नाही.

एक खूण तुम्ही स्वतः पाहू शकता. सोललेली कोंबडी कातडीसकट घेतली तर तंगडीच्या खालच्या सांध्यापाशी, जिथे पाय कापलेला असतो तिथे, नीट बघा. तांबूस-काळपट डाग दिसला तर तो भाजल्याचा व्रण असतो. खाली अंथरलेला भुसा विष्ठेने ओला होतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि त्यावर तासन् तास बसून राहिलेल्या पक्ष्याची कातडी जळते. छातीवरही असाच चट्टा कधी कधी सापडतो. हा पक्षी कसा जगला, ते त्या डागावर लिहिलेले असते.

गोव्यात खपणारी बरीचशी ब्रॉयलर कोंबडी बेळगावच्या बाजूने घाट उतरून येते. प्लास्टिकच्या जाळीदार खोक्यांत, एकावर एक थर, वरच्याची घाण खालच्यावर. पावसाळ्यात भिजलेले आणि एप्रिल-मेमध्ये धापा टाकणारे पक्षी चोर्ल्याच्या रस्त्यावर कुणीही पाहिले असतील.

औषधांचाही प्रश्न आहे. माणसाला शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक वाढीसाठी कोंबड्यांना दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये ते अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता बंद केले. गर्दी, ओल आणि घाण यांवर औषधाचा उतारा शोधण्याची सवय मात्र गेलेली नाही.

अंड्याने कुणाचा जीव जात नाही ना?

जातो. अंड्यांसाठी वेगळी जात पाळतात. तिचे नर अंडी घालत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे वाढतही नाहीत, म्हणून हॅचरीत लिंग ओळखल्यावर ही नर पिल्ले बहुधा पहिल्याच दिवशी मारून टाकली जातात. मादी पिंजऱ्यात जाते. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी. कोंबडीला धुळीत लोळायचे असते, रात्री उंच दांडीवर बसायचे असते, अंडे घालण्याआधी आडोसा शोधायचा असतो. पिंजऱ्यात यातले एकही शक्य नाही. अंडे घालायच्या वेळी ती तारेवर अस्वस्थपणे पुढे-मागे करत राहते, ते पाहवत नाही. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालून कवचांसाठी हाडातले कॅल्शियम संपते, आणि विक्रीला काढताना पायाला धरून ओढले की हाडे मोडतात.

भारताच्या विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९ व्या अहवालात अशा पिंजऱ्यांची पद्धत बंद करावी अशी शिफारस केली. युरोपीय संघात साधे बॅटरी पिंजरे २०१२ पासून बंद आहेत. प्राण्यांशी क्रूरता रोखणाऱ्या आपल्या १९६० च्या कायद्यातही, जनावराला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणे ही क्रूरता मानली आहे.

एखाद्या घरात सोमवार, गुरुवार, संकष्टी शिवराक (शाकाहार) असेल आणि बाकी दिवशी रोज दोन पिंजऱ्यातली अंडी, तर त्या घराने आधी अंड्यांकडे पाहावे असे मी सांगते. एक बकरा एका मोठ्या घराला किती दिवस पुरेल? अंड्यांमागे कोंबड्या किती लागतात? दुःखाचा हिशेब अशा तऱ्हेनेही मांडायला हवा.

गावठी कोंबडी घेतली की सुटलो?

बऱ्याच अंशी, जर ती खरोखर गावठी असेल तर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका घरच्या कोंबड्या घेऊन येतात. त्यांना विचारा, कुठे चरते, काय खाते, किती महिन्यांची. खरी गावठी पाच-सहा महिन्यांची असल्याशिवाय भरत नाही. रंगीत पिसांची संकरित कोंबडी ‘गावठी’ म्हणून सर्रास विकली जाते, आणि तीही शेडमध्येच वाढलेली असू शकते.

परसातल्या कोंबडीचाही छळ होतोच. पाय बांधून उन्हात ठेवलेली, उलटी लटकवून स्कूटरवरून नेलेली कोंबडी मी दर बाजाराला पाहते. उलटे लटकवल्यावर पक्ष्याला श्वास घेणे जड जाते, कारण पोटातले अवयव हवेच्या पिशव्यांवर दाबले जातात. हवेशीर टोपली किंवा भोके पाडलेला खोका बरोबर नेणे एवढे काही कठीण नाही.

जाता जाता सांगते, मोले-म्हादईच्या रानात ओरडणारा करडा रानकोंबडा हा आपल्या पाळीव कोंबडीचा नातलग आहे. तिच्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडूनच आले, हे २००८ साली सिद्ध झाले.

दुधाचे काय?

गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि जन्मणाऱ्यांत निम्मे नर असतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला शेतात काम उरले नाही. मग पाड्याचे आणि रेडकाचे काय होते? बऱ्याच ठिकाणी त्यांना पुरेसे दूध दिले जात नाही आणि ती खंगून मरतात. गाईचा पाडा जगलाच तर रस्त्यावर येतो. गोव्यातल्या रस्त्यांवर रात्री बसलेली आणि गाड्यांखाली सापडणारी गुरे आपल्या चहाच्या कपाशी जोडलेली आहेत. मोडलेल्या पायाच्या अशा गुरांवर उपचार करताना मला नेहमी वाटते की याला मारले कुणीच नाही, आणि वाचवलेही कुणी नाही.

शेजारच्या गोठ्यातून दूध घेत असाल तर पाडा कुठे गेला हे विचारा. श्वेत कपिला ही गोव्याची नोंदणीकृत गावठी गाय दूध कमी देते, पण आपल्या हवेत कमी आजारी पडते. ती पाळणाऱ्याला लिटरमागे चार पैसे जास्त द्यायला ग्राहक तयार असेल तरच ती टिकेल.

हलाल, झटका की बेशुद्ध करून: कमी त्रासाचे कोणते?

शास्त्रापुरते बोलायचे तर गळा कापण्याआधी नीट बेशुद्ध केलेल्या जनावराला कापल्याची वेदना होत नाही. न करता कापल्यास बकऱ्याची किंवा मेंढीची शुद्ध काही सेकंदांत जाते. मोठ्या गुरांना जास्त वेळ लागू शकतो, कारण त्यांच्या मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मेंदूला रक्त पुरवत राहतात. १९६० च्या त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने धर्माने सांगितलेल्या पद्धतीला सूट दिली आहे.

पण हा वाद आपल्याकडे जनावरासाठी कमी आणि एकमेकांना टोचण्यासाठी जास्त घातला जातो. मुसलमान खाटकाच्या परंपरेत सुरी आधी धार लावलेली हवी, ती जनावरासमोर परजायची नाही, एकासमोर दुसऱ्याला कापायचे नाही, असे नियम आहेत. ते काटेकोर पाळणारा खाटीक आणि बोथट सुरीने घाईत झटका मारणारा यांत मी पहिल्याला पसंत करीन.

सगळ्यात वाईट अवस्था कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात असते. गळ्यावर अर्धवट सुरी फिरवून पक्षी प्लास्टिकच्या पिंपात फेकतात. पिंपाच्या भिंतींवर पंख आपटत राहतात आणि काही पक्षी धुगधुगी असतानाच गरम पाण्यात जातात. बाजूच्या पिंजऱ्यातले हे सगळे बघत असतात. पत्र्याचा साधा नरसाळ्यासारखा कोन भिंतीला लावला, पक्षी त्यात उलटा धरला, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका घावात कापल्या आणि हालचाल पूर्ण थांबेपर्यंत थांबले, तर हा छळ निम्म्याहून कमी होतो. खर्च काहीशे रुपयांचा.

शेवटच्या तासांचा परिणाम मांसावरही दिसतो. निवांत मेलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर नंतर आम्लात बदलते, मांसाचा सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास येतो आणि ते टिकते. लांबच्या प्रवासाने, उपासाने आणि भीतीने ती साखर आधीच संपलेली असेल तर मांस गडद, चिकट होते आणि लवकर नासते.

कायदा काय सांगतो?

कागदावर बरेच काही. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार पालिका हद्दीत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. गाभण जनावर, तीन महिन्यांहून लहान पिल्लू, किंवा ज्याचे पिल्लू तीन महिन्यांहून लहान आहे असे जनावर कापायला मनाई आहे. इतर जनावरांसमोर कापायचे नाही. तपासणीनंतर २४ तास विश्रांती द्यायची, आणि एका पशुवैद्याने तासाला १२ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात जनावरांची पाच स्वातंत्र्ये आपल्या कायद्यात अभिप्रेत असल्याचे म्हटले: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, तसेच स्वाभाविक वागण्याची मोकळीक. आपल्याकडच्या धिरयो (बैल-रेड्यांच्या झुंजी) त्याआधीच, १९९६ साली, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बेकायदा ठरवल्या होत्या.

आणि शिक्षा? १९६० च्या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास रुपयांत आज एक साधे जेवणही येत नाही. हा दंड वाढवल्याशिवाय बाकीची कलमे भिंतीवर टांगण्यापुरतीच राहतात.

गोव्यात बीफ चालते का?

गाय आणि वासरे कापायला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. बैल, रेडे आणि म्हशी दाखला मिळाल्यावर कापता येतात. उसगावचा सरकारी मांस प्रकल्प त्यासाठीच आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ पासून निर्बंध कडक झाल्यावर गोव्याचा पुरवठा अडखळला.

माझे मत विचारत असाल तर, बीफ खाणाऱ्या ख्रिस्ती किंवा मुसलमान शेजाऱ्याला हिणवून एकाही गुराचे दुःख कमी होत नाही. परवाना असलेला स्वच्छ कत्तलखाना नीट चालणे जनावराच्या हिताचे आहे. तो बंद पडला की रात्री चोरून, कोंबून वाहतूक सुरू होते.

राखणदाराला (गावाची राखण करणाऱ्या देवाला) कोंबडा द्यायची आमची प्रथा आहे. सोडावी का?

तुमची श्रद्धा मी ठरवू शकत नाही. बऱ्याच घरांत आता नारळ ठेवतात आणि राखणदार रागावल्याचे कुणी सांगितलेले नाही. द्यायचाच तर परसात वाढलेला द्या, वाट पाहत दिवसभर पाय बांधून ठेवू नका, हात बसलेल्या माणसाकडून एका घावात होऊ द्या. वर्षातून दिलेल्या एका कोंबड्यावर टीका करणाऱ्याने आपल्या रविवारच्या ब्रॉयलरचाही विचार करावा.

नुस्ते (मासे) तरी निर्धास्त खावे ना?

गोव्यात हे लिहिणे सोपे नाही. माझ्या घरीही हुमणाशिवाय (माशांच्या आमटीशिवाय) जेवण अपुरे वाटते. पण माशालाही वेदना होतात याचे पुरावे भक्कम आहेत. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात जळजळणारे द्रव्य टोचले, तेव्हा मासे खाणे सोडून ओठ तळातल्या खड्यांवर घासू लागले. मॉर्फीन दिल्यावर हे कमी झाले.

माशाच्या बाजूने एक गोष्ट आहे: समुद्रातला मासा पकडेपर्यंत मोकळा जगतो. विरोधात ही, की ट्रॉलरच्या जाळ्यात खाण्याजोग्या माशाबरोबर पिल्लांचा आणि नको असलेल्या जीवांचा ढीग येतो आणि सगळे गुदमरून मरतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) किंवा गळाने धरलेले घ्या. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ताजे म्हणून कुणी ट्रॉलरचा मासा दाखवला तर घेऊ नका.

तिसऱ्यो आणि खुबे या शिंपल्यांना मेंदूच नाही, गाठींसारखी थोडी मज्जापेशींची रचना असते. त्यांना आपल्यासारखी वेदना होत असण्याची शक्यता फार कमी वाटते. प्राणिज प्रथिन हवे असलेल्याने तिसऱ्यो खाव्यात, या मताला मी बरीच अनुकूल आहे, मात्र नदीचे पात्र ओरबाडून काढलेल्या नकोत.

कुर्ल्यांची (खेकड्यांची) गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, कोळंबी, ऑक्टोपस आणि माणक्यो (स्क्विड) यांना जाणीव असल्याचे मान्य केले. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून लॉब्स्टर जिवंत उकळायला बंदी आहे. जिवंत कुर्ली उकळत्या पाण्यात टाकू नका, जिवंतपणी नांगे उपटू नका. आधी बर्फाच्या दाट पाण्यात किंवा फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा. डोळ्यांना स्पर्श केल्यावर हलली नाही की उताणी करा, पोटावरची झडप उचला आणि तिच्या खाली टोकदार सुरी एकदा आरपार घाला, दुसऱ्यांदा डोळ्यांच्या मधोमध मागच्या बाजूला. तिची दोन मज्जाकेंद्रे तिथे असतात. मग हवे तसे साफ करा.

हे सगळे परवडणाऱ्यांचे चोचले नाहीत का?

गावठी कोंबडी ब्रॉयलरच्या कितीतरी पट महाग असते, हे खरे. रोजंदारीवरच्या कुटुंबाने मुलांना स्वस्त अंडे दिले तर त्यांना दोष द्यायचे धाडस मी करणार नाही. प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे, ज्यांच्या घरी आठवड्यात चार दिवस चिकन येते. तेवढ्याच पैशांत महिन्यातून दोनदा चांगले आणले तर खर्च वाढत नाही. बाकी दिवशी अळसांद्याचे तोणाक, मुगा गाठी, खतखते आहेतच.

वाटेत कोंबलेली गाडी किंवा छळ दिसला तर काय करू?

गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहा, लांबून फोटो घ्या आणि ११२ वर पोलिसांना कळवा. दुकानातल्या अस्वच्छतेसाठी अन्न व औषध प्रशासन आणि पालिका किंवा पंचायत, शेडमधल्या हालांसाठी पशुसंवर्धन खाते. गाडीचा पाठलाग करू नका, जमाव जमवू नका, ड्रायव्हरला हात लावू नका. तो बहुधा पगारी माणूस असतो आणि त्याला मारल्याने मागची जनावरे सुटत नाहीत, उलट भांडण मिटेपर्यंत तासन् तास उन्हात उभी राहतात. पोलीस येईपर्यंत गाडी सावलीत घ्यायला सांगा, बादलीभर पाण्याची सोय करा, आणि पडलेले जनावर शिंगाला किंवा शेपटीला धरून ओढायला कुणाला देऊ नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच वेळी फोन करा, म्हणजे जप्ती झाल्यावर जनावरांना तपासायला माणूस हजर असेल.